खारदुंग ला चढण्याआधी लेहमध्ये दोन दिवस बसा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लडाखच्या खारदुंग ला या खिंडीवर आलेला लेख मी दोनदा वाचला. फोटो फार सुंदर आहेत. निळेशार आभाळ, फडफडणाऱ्या पताका, कडेला बर्फाची भिंत आणि तिच्या पायथ्याने गेलेली सडक. गेल्या जूनमध्ये हे सगळे मी डोळ्यांनी पाहून आलो, त्यामुळे लेखातले कौतुक मला पटले. पण त्याच पानावर खाली लडाख सहलीची जाहिरात होती. पाच रात्री, सहा दिवस. पहिल्या दिवशी विमानाने लेह आणि दुपारी स्थलदर्शन, दुसऱ्या दिवशी सकाळी खारदुंग ला ओलांडून नुब्रा खोऱ्यात मुक्काम. ती वाचली आणि मला रात्री झोप लागली नाही. आमचा कार्यक्रमही नेमका हाच होता. म्हणून हे पत्र लिहितो आहे. थोडे लांबेल, पण कृपया पूर्ण वाचावे.

मी एसटीत 31 वर्षे चालक होतो. त्यातली बहुतेक वर्षे वाई आगारात गेली. पसरणीचा घाट मी किती वेळा चढलो-उतरलो याची मोजदाद नाही. केळघर, आंबेनळी, कुंभार्ली, वरंधा हे घाटही गाडीने केले. पावसाळ्यात पसरणीत धुके उतरले की पुढचे दहा फूट दिसत नसत. तेव्हा कंडक्टर दारात उभा राहून साइडपट्टी किती राहिली ते ओरडून सांगायचा आणि मी त्याच्या आवाजावर गाडी चालवायचो. ज्या उस्तादाच्या हाताखाली मी शिकलो त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतरायचे, उतारावर गाडी कधी न्यूट्रल करायची नाही, आणि खालून चढणारी गाडी दिसली की आपण थांबायचे. घाटात उलटी होते ती बहुतेक वेळा वळणांमुळे होत नाही, चालकाच्या पायामुळे होते, हेही त्यांचेच. एक्सलेटर आणि ब्रेक हळू दाबला तर म्हातारी माणसेसुद्धा महाबळेश्वरपर्यंत शांत झोपून येतात. 31 वर्षांत माझ्या गाडीतला एकही प्रवासी घाटात जखमी झाला नाही. हे सांगतो ते एवढ्यासाठी की घाट म्हणजे काय हे मला थोडे कळते, आणि तरीही खारदुंग लाच्या बाबतीत मी चुकलो.

चुकलो ते उंचीच्या हिशेबात. आपल्या मनात उंची म्हणजे महाबळेश्वर, फार तर कळसूबाई. कळसूबाई 1,646 मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. खुद्द लेह शहर सुमारे 3,500 मीटरवर आहे. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी लेहच्या बाजारपेठेची उंची गाठत नाहीत. खारदुंग लाची खिंड 5,359 मीटरवर आहे. तिथे तीन कळसूबाई ठेवूनही वर चारशे मीटर उरतात. आणि लेहपासून हे अंतर फक्त चाळीस किलोमीटर आहे. वाईहून सातारा जवळपास तितकाच. आपण कागदावर चाळीस किलोमीटर वाचतो आणि मनात म्हणतो, दीड-दोन तासांचा तर रस्ता, नाश्ता करून निघू.

आपल्या लेखात या खिंडीला जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता म्हटले आहे. त्यात दुरुस्ती करावी. तिथल्या पाटीवर बरीच वर्षे 18,380 फूट असा आकडा होता, पण उपग्रहाच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत ती उंची साधारण 17,580 फूट भरली. शिवाय लडाखमध्येच उमलिंग ला येथे सीमा सडक संघटनेने 19,024 फुटांवर रस्ता नेला आणि 2021 मध्ये त्याची गिनेस बुकात नोंद झाली. आणखी एक बारीकशी गोष्ट. ‘ला’ म्हणजे लडाखी भाषेत खिंडच. त्यामुळे ‘खारदुंगला पास’ असे लिहिले की खिंड दोनदा होते. खारदुंग हे खिंडीच्या पलीकडच्या उतारावरचे गाव आहे, त्या गावाची ही खिंड. उंचीचा मान गेला म्हणून या रस्त्याचे महत्त्व कमी होत नाही. 1976 मध्ये तो बांधला गेला, 1988 मध्ये सर्वसामान्यांच्या गाड्यांना खुला झाला, आणि आजही नुब्रा खोरे आणि सियाचिनकडे जाणारी रसद याच वाटेने चढते. त्याआधी शेकडो वर्षे मध्य आशियातल्या यारकंद-काश्गरकडे जाणारे व्यापारी तांडे याच बाजूने जात. नुब्रातल्या हुंदरला दोन वशिंडांचे उंट दिसतात, ते त्या व्यापाराचेच राहिलेले वंशज.

आता आमची हकीकत.

आम्ही चौघे होतो. मी, आमची मंडळी, माझे साडू आणि मेहुणी. साडू निवृत्त शिक्षक, वय 66, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. मीही. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर तब्येत चांगली, रोज सकाळी मेणवलीपर्यंत चालत जाऊन येतात. सहल एका यात्रा कंपनीतर्फे होती. पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून पहाटेचे विमान, सकाळी साडेसातला लेह. विमानातून उतरताना बर्फाचे डोंगर पाहून गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आले होते. दुपारी जेवण झाल्यावर कंपनीच्या मुलाने सगळ्यांना शांती स्तूप आणि लेहचा राजवाडा दाखवायला नेले. पायऱ्या चढताना मला दर दहा पायऱ्यांना थांबावे लागत होते. मला वाटले, वय झाले.

रात्री गुरुजी जेवले नाहीत. डोके दुखते म्हणाले. मेहुणीने बाम चोळला. रात्रभर झोप नाही, सकाळी एकदा उलटी. मी म्हणालो, गुरुजी, आज राहू द्या, आपण दोघे इथेच थांबू, बायका जाऊन येतील. तर म्हणाले, “पैसे भरलेत. इतक्या लांब आलो आणि खिंड न बघता परत जायचे? प्रवासाने झाले असेल, होईल बरे.” कंपनीच्या मुलाला सांगितले तर तो म्हणाला, “काका, पहिल्या दिवशी सगळ्यांचेच डोके दुखते. नुब्राची उंची लेहपेक्षा कमी आहे, तिकडे गेल्यावर बरेच वाटेल.” ऑक्सिजनचा एक छोटा डबा हातात दिला. त्या मुलाचे वय पंचविशीच्या आतबाहेर असेल. मनाने वाईट नव्हता. त्याला जे शिकवले होते तेच तो बोलत होता.

साउथ पुल्लू या तपासणी नाक्यापर्यंत, म्हणजे लेहपासून साधारण चोवीस किलोमीटर, रस्ता चांगला आहे. आपल्या घाटासारखी झाडी नाही, पाण्याचा आवाज नाही. भुरा-करडा दगड, त्यात आखलेली वळणे, आणि प्रत्येक वळणावर लेह खाली लहान होत जाते. सिंधूच्या खोऱ्यातली हिरवी पट्टी आणि पलीकडे स्तोकचे बर्फाळ डोंगर. मी चालकाशेजारी बसलो होतो. लडाखी माणूस, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याचा पाय फार चांगला होता. गाडी हिसका न देता चढत होती. विरळ हवेत इंजिनाचा दम कमी होतो, डिझेलची गाडी लवकर काळा धूर सोडते, म्हणून तो गिअर आधीच उतरवत होता, गाडी अडखळायची वाट पाहत नव्हता. मला बरे वाटले. चांगला चालक शेजारी असला की मी निर्धास्त असतो.

साउथ पुल्लूच्या पुढे रस्ता उखडलेला आणि अरुंद. वरून वितळलेले पाणी आडवे वाहत होते. खिंड दोन-तीन किलोमीटरवर राहिली असताना गाड्या थांबल्या. पुढे एक ट्रक चढावर बंद पडला होता. आता ट्रक घाटात बंद पडतो, त्यात नवल नाही. मागच्यांनी एका रांगेत थांबायचे, ट्रक निघाला की निघायचे. पण मागून आलेल्या मोटारी आणि मोटारसायकली थांबेनात. उजव्या बाजूने घुसल्या. समोरून उतरणाऱ्या गाड्याही थांबल्या नाहीत, त्या खाली घुसल्या. दहा मिनिटांत एका गाडीच्या रस्त्यावर दोन रांगा समोरासमोर झाल्या, आणि मग कोणालाच हलता येईना. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा नुसता रिवाज नाही, डोंगरी रस्त्यासाठीचा मोटार वाहन नियम आहे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलायला किती त्रास होतो हे ज्याने गाडी चालवली आहे त्याला सांगायला नको. त्या कोंडीत महाराष्ट्राच्या नंबराच्या गाड्याही मी पाहिल्या. वाईट वाटले.

पाऊण तास झाला. मागे वळून पाहिले तर गुरुजी मान टाकून बसलेले. ओठ जांभळे. मेहुणी म्हणाली, हे काहीतरीच बोलताहेत. मी विचारले, “गुरुजी, कुठे आहोत आपण?” ते म्हणाले, “शाळेची घंटा झाली का?” माझ्या पोटात गोळा आला.

चालक खाली उतरला, मागचे दार उघडले, गुरुजींना धरून खाली घेतले आणि म्हणाला, एका रेषेत पावलापुढे पाऊल ठेवून चालून दाखवा. गुरुजी दोन पावलांत कलंडले. चालकाने मला बाजूला घेतले. “चाचाजी, अब ऊपर नहीं जाना। अभी नीचे जाना है।” कंपनीचा मुलगा दुसऱ्या गाडीत पुढे अडकला होता, त्याची वाट पाहायला चालक तयार नव्हता. ऑक्सिजनचा डबा गुरुजींच्या नाकाशी धरला. तो काही मिनिटांत संपला. त्या डब्यांवर लोक फार विसंबतात. अर्ध्या लिटर डिझेलवर मुंबई गाठायला निघावे तसे ते आहे.

गाडी वळवायला जागा नव्हती. डावीकडे कडा, उजवीकडे दरी, मागे अकरा गाड्या. रुंद जागा साधारण दोनशे मीटर खाली होती. मी उतरलो. मागच्या प्रत्येक गाडीपाशी जाऊन हात जोडले, माणूस आजारी आहे, कड्याला चिकटून घ्या. एक जण सोडून सगळ्यांनी ऐकले, त्या एकाला सैन्याच्या ट्रकमधल्या जवानाने समजावले. मग मी आमच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर उभा राहिलो, पत्र्यावर हात ठेवला आणि ‘येऊ दे, येऊ दे, थोडी डावी, बस्स’ असे करत गाडी रिव्हर्सने खाली आणली. चालकाला मराठी येत नव्हते. पत्र्यावरच्या थापेची भाषा मात्र सगळ्या चालकांना येते. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दरीच्या बाजूचे चाक काठापासून वीतभर आत होते. दोनशे मीटर उलट चालताना माझा जीव छातीत मावत नव्हता, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मला माझी 31 वर्षे त्या दोनशे मीटरसाठीच दिली होती की काय, असे आजही वाटते.

खाली साउथ पुल्लूला सैन्याच्या जवानांनी ऑक्सिजन लावला, आणि थोड्याच वेळात आम्ही लेहकडे निघालो. आणि तेव्हा मी जे पाहिले ते कधी विसरणार नाही. जसजशी गाडी उतरत गेली तसतसा माणूस परत येत गेला. आधी ओठांचा रंग बदलला, मग त्यांनी पाणी मागितले. लेहच्या जरा वर आल्यावर मेहुणीचा हात धरून म्हणाले, “अगं, खिंड झाली का?”

लेहच्या रुग्णालयात त्यांना दोन रात्री ऑक्सिजनवर ठेवले. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी मला बसवून समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, हवेतला ऑक्सिजनचा वाटा सगळीकडे तोच असतो, शेकडा एकवीस. पण उंचीवर हवेचा दाबच कमी, म्हणून एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी. खारदुंग लावर तो समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. शरीर याची सवय करून घेते, श्वास जलद करते, लघवीवाटे रक्तातला समतोल जमवते, पण त्याला दिवस लागतात. तो वेळ दिला नाही तर आधी डोकेदुखी, मळमळ, झोप न येणे. तेवढ्यावर थांबले तर विश्रांतीने बरे होते. त्यावर आणखी चढले तर कोणाच्या फुप्फुसात पाणी होते, कोणाच्या मेंदूला सूज येते. गुरुजींच्या मेंदूला सूज येऊ लागली होती. आणखी दोन तास वर राहिलो असतो तर काय झाले असते, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

मी डायमॉक्सच्या गोळ्यांचे विचारले, कारण कंपनीच्या यादीत ‘डायमॉक्स सोबत ठेवा’ असे होते. त्या म्हणाल्या, गोळी शरीराला सवय व्हायला मदत करते, पण विश्रांतीची जागा घेत नाही, आणि रक्तदाबाची किंवा इतर औषधे चालू असतील तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. पहिले दोन दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत. डोके दुखत असताना वर चढायचे नाही. आणि बिघडले तर उतरणे हाच पहिला उपाय.

मग मी त्या मुलाचे वाक्य सांगितले, नुब्राची उंची लेहपेक्षा कमी आहे. त्या म्हणाल्या, खरे आहे, नुब्रातले दिस्कित गाव कमी उंचीवर आहे, तिथे झोपायला लेहपेक्षा बरे. पण मध्ये 5,359 मीटरची भिंत आहे ना? बर्फ पडले, दरड आली, कोंडी झाली की तुम्ही त्या भिंतीवर अडकता. पलीकडे गेल्यावर बिघडले आणि लेहच्या मोठ्या रुग्णालयात आणायचे झाले, तर आजारी माणसाला पुन्हा त्याच उंचीवरून न्यायचे. ही गोष्ट माझ्यासारख्या माणसाला आधीच सुचायला हवी होती. घाट चढताना परत उतरायचे कसे, हे मी आयुष्यभर आधी बघत आलो.

त्या असेही म्हणाल्या की श्रीनगरहून रस्त्याने येणाऱ्यांना शरीर जुळवायला जास्त वेळ मिळतो. श्रीनगर सुमारे 1,600 मीटर, मग झोजी ला, मग कारगिलला 2,700 मीटरच्या आसपास मुक्काम, मग 4,108 मीटरचा फोटू ला ओलांडून लेह. एकेक पायरी चढत येतो माणूस. आम्ही दिल्लीच्या सव्वादोनशे मीटरवरून सव्वा-दीड तासात 3,500 वर उतरलो होतो. म्हणून विमानाने येणाऱ्याने निदान 48 तास लेहमध्ये काहीही न करता बसायला हवे. काहीही म्हणजे राजवाड्याच्या पायऱ्याही नाहीत.

बाकीची मंडळी सहलीबरोबर पुढे गेली. आम्ही चौघे लेहला राहिलो, परतीची तिकिटे पदरच्या पैशांनी बदलली. सहाव्या दिवशी गुरुजींनी मला हट्टाने वर पाठवले. त्यांना डॉक्टरांनी मनाई केली होती. म्हणाले, तुम्ही दोघे जाऊन या आणि मला सांगा. त्याच चालकाची गाडी ठरवली, पहाटे साडेपाचला निघालो. डोके दुखत नव्हते, श्वास लागत नव्हता. तोच रस्ता, पण मी वेगळा होतो.

त्या दिवशी कोंडी नव्हती, म्हणून मला रस्ता नीट पाहता आला, आणि रस्ता करणारी माणसेही. साउथ पुल्लूच्या वर एका वळणावर चालकाने गाडी थांबवली. दहा-बारा माणसे दगड फोडून खड्डे भरत होती. पिंपात डांबर तापत होते, त्याच्या धुराने तोंडे काळवंडलेली, नाकाला फडके. झारखंडमधल्या दुमक्याकडची माणसे. मे महिन्यात येतात, ऑक्टोबरात परततात. मी त्यातल्या एकाला विचारले, रोज हेच खड्डे कसे पडतात? त्याने मला हाताने दाखवले. दिवसा बर्फ वितळते, पाणी डांबराच्या भेगांत शिरते, रात्री गोठते, गोठले की फुगते आणि डांबर उचलते. सकाळी गाड्यांची चाके ते उचललेले डांबर फोडतात. आपल्याकडे सह्याद्रीत पावसाळ्याचे चार महिने रस्ता धुऊन जातो. तिथे पाऊस वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर, पण रस्ता रोज रात्री मोडतो आणि ही माणसे तो रोज सकाळी जोडतात. जिथे आपल्याला वीस पावले चालवत नाही तिथे ती घण मारतात. सैन्याची रसद जाते, आपले फोटो निघतात, ते या हातांवर. 2019 च्या जानेवारीत याच खिंडीच्या वाटेवर हिमकडा कोसळून टिपरमधली माणसे गाडली गेली होती.

आमच्या मंडळींनी वाईहून नेलेले शेंगदाण्याचे लाडू त्यांना दिले. ते खात उभे असतानाच वरून एक मोटार भरधाव आली. वाहत्या पाण्यातून गेली आणि बर्फाचे गढूळ पाणी त्या माणसांच्या अंगावर, लाडवांवर. कोणी काही बोलले नाही. एकाने फडक्याने तोंड पुसले. माझ्या 31 वर्षांत मी कधी रस्त्यावरच्या मजुरावर पाणी उडवले असेल का, हे मी तेव्हापासून आठवतो आहे. खिंड पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनवणी आहे, फावडे-घमेली दिसली की पाय उचला. तेवढाच उशीर होतो.

साडेसातला आम्ही माथ्यावर होतो. पताका निळ्या, पांढऱ्या, तांबड्या, हिरव्या, पिवळ्या, इतक्या की दगड दिसत नाही. त्यांचा फडफडाट एवढा की शेजारचे बोलणे ऐकू येत नाही. उत्तरेला नुब्राकडे उतरणारा रस्ता आणि त्यापलीकडे बर्फाची रांगच रांग. दक्षिणेला आपण आलो ती वाट, दोऱ्यासारखी. आमची मंडळी हात जोडून उभी राहिली. मला पसरणीच्या माथ्यावरून पाहिलेले कृष्णेचे खोरे आठवले, पहाटेच्या पहिल्या गाडीतून दिसायचे तसे. गुरुजींना सांगायचे म्हणून मी एकेक गोष्ट मनात मोजून घेतली. पताकांच्या दगडांखाली प्लास्टिकच्या बाटल्या आणि बिस्किटांचे कागदही होते. आम्ही दोघांनी वाकता येईल तेवढे गोळा करून गाडीत टाकले. घड्याळ लावून वीस मिनिटे थांबलो आणि निघालो. उतरताना चालकाने गाडी ज्या गिअरमध्ये चढवली होती त्याच गिअरमध्ये उतरवली. मी काही बोललो नाही, फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

संपादक महाशय, आपले वृत्तपत्र आमच्या वाईत घरोघरी येते. उन्हाळा जवळ आला आहे, सहलींच्या जाहिराती आता रोज येतील. माझी विनंती आहे की लडाखवर जेव्हा जेव्हा लेख छापाल तेव्हा त्याच पानावर ठळक अक्षरांत छापावे, की विमानाने लेहला गेल्यावर निदान दोन दिवस पूर्ण विश्रांती, आणि डोके दुखत असेल तर खिंड नाही. यात्रा कंपन्यांना सांगावे की पाच रात्रींच्या सात रात्री करा. पैसे जास्त लागतील, लोक देतील, त्यांना कारण सांगितले तर. आणि आपल्या वाचकांनी पैसे भरण्याआधी कंपनीला एकच प्रश्न विचारावा, लेहमध्ये पहिले दोन दिवस रिकामे आहेत का? नसतील तर दुसरी कंपनी शोधावी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने ‘होईल बरे’ म्हटले तर त्याचे ऐकू नये. मी ऐकले.

गुरुजी आता ठणठणीत आहेत, मेणवलीची फेरी पुन्हा सुरू झाली आहे. खिंडीची हकीकत मी त्यांना तीनदा सांगितली, तरी वळणे किती होती हे ते अजून विचारतात. पुढच्या वर्षी जूनमध्ये आम्ही चौघे पुन्हा जाणार आहोत, या वेळी श्रीनगरहून रस्त्याने, कारगिलला मुक्काम करून. गुरुजींनी आधी आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायची, असे ठरले आहे. डॉक्टर नको म्हणाले तर गुरुजी लेहला थांबतील आणि मीही त्यांच्याबरोबर थांबेन. लाडवांचा डबा मात्र वर जाईल. आमच्या मंडळींनी त्या वळणावरच्या माणसांसाठी मोठा डबा काढून ठेवला आहे.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी चालक
वाई, जि. सातारा